कुणीतरी तुमच्या घराचा फोटो काढतंय: आधी काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं

अनोळखी माणूस घरासमोर थांबतो, मोबाइल उचलतो, दोन-चार फोटो काढतो आणि चालू लागतो. पडद्याआडून हे बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका चोरीचीच येते, आणि त्यात गैर काही नाही. पण घरांचे फोटो काढणं हा पुष्कळ लोकांच्या नोकरीचा भाग असतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. कर्ज देण्यापूर्वी बँक मालमत्तेचं मूल्यांकन करायला माणूस पाठवते. तो शेजारच्या घराची किंमत ठरवायला आलेला असला तरी तुलनेसाठी तुमच्या घराचाही फोटो घेतो. विमा कंपनीचा माणूस छप्पर टिपतो, मालमत्ता कर आकारणारा वाढीव बांधकाम टिपतो, पार्सलवाला पुरावा म्हणून दारातलं खोकं टिपतो. कोर्टाची नोटीस बजावणारा, चित्रीकरणासाठी जागा शोधणारा, वास्तुकलेचा विद्यार्थी, घर विकत घ्यायच्या विचारात असलेलं जोडपं आणि लहानपणी याच घरात राहिलेला एखादा पाहुणा, असे सगळेच या यादीत येतात.

यातला क्वचितच कुणी वाईट हेतूनं आलेला असतो. पण त्या क्वचितसाठी तयारी हवी, आणि उरलेल्यांशी भांडण न होता ती व्हावी, यासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: माणूस कोण होता यापेक्षा फोटोत काय आलं आणि तो फोटो पुढे कुठे जाणार, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

पायरी १: बाहेर धावण्याआधी नीट बघा

दोन मिनिटं पुरतात. तो फक्त तुमच्याच घराचे फोटो काढतोय की ओळीनं सगळ्या घरांचे? दर्शनी बाजू आणि घराचा नंबर टिपतोय की कुलूप, मागचं दार, कॅमेऱ्यांच्या जागा? रस्त्यावर उघडपणे उभा आहे की गाडीतून, काच अर्धी खाली करून? फाटकाच्या आत आला का? कॅमेरा भिंतींवर आहे की खिडकीतल्या किंवा अंगणातल्या माणसांवर?

एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. घाईघाईनं निघून जाणारा माणूस नुसता लाजाळूही असू शकतो, आणि गळ्यात ओळखपत्र व अंगात चमकदार जाकीट असलेला खराच कर्मचारी असेल असंही नाही, कारण दोन्ही गोष्टी सहज विकत मिळतात. दोन-तीन खुणा एकत्र आल्या, उदाहरणार्थ तोच माणूस वेगवेगळ्या वेळी परत आला, बाजूच्या बोळात शिरला आणि कुणी बघतंय म्हटल्यावर तोंड फिरवलं, की मग लक्ष द्यायचं.

पायरी २: विचारा, पण दारातूनच

सरळ प्रश्नानं निम्म्याहून जास्त प्रकरणं जागच्या जागी मिटतात असा माझा अनुभव आहे. सूर चौकशीचा ठेवा, उलटतपासणीचा नको. "नमस्कार, कुणाचं घर शोधताय का?" इतकं पुरे. उत्तर मिळालं की, "फोटो काढताना दिसलात म्हणून विचारलं, कशासाठी हवेत?" कामावर आलेला माणूस संस्थेचं नाव आणि कारण सांगतो. ते लिहून घ्या. खात्री करायची असेल तर त्याच्या कार्डावरच्या नंबरावर फोन करू नका. त्या संस्थेचा नंबर स्वतः शोधून त्यावर करा. ठग असेल तर कार्डावरचा फोन त्याचाच साथीदार उचलणार.

रात्र असेल, तुम्ही घरात एकटे असाल किंवा मनाला पटत नसेल, तर बाहेर जाऊच नका. गॅलरीतून विचारा, नाहीतर शेजाऱ्याला फोन करून दोघं मिळून बाहेर पडा. बोलण्याच्या ओघात "मालक संध्याकाळीच येतात" किंवा "ते समोरचे महिनाभर गावाला गेलेत" असं काही निसटू देऊ नका. साध्या गप्पांमधून अशी माहिती जाते, तिला कॅमेरा लागत नाही.

आता काय करायचं नाही ते. मोबाइल हिसकावू नका, वाट अडवू नका, अंगाला हात लावू नका. तसं केलंत तर तक्रारदार तो होईल आणि आरोपी तुम्ही. "आत्ताच्या आत्ता डिलीट कर" हा हट्टही फारसा उपयोगाचा नाही. आयफोनमध्ये पुसलेला फोटो 'नुकतेच हटवलेले' या फोल्डरमध्ये ३० दिवसांपर्यंत पडून असतो, इतर फोनांतही अशी कचरापेटी असते, आणि तोवर त्याची प्रत क्लाउडवर गेलेली असू शकते. विनंती जरूर करा: "खिडकीत मुलं आहेत, तेवढा फोटो काढून टाकाल का?" सभ्य माणूस ऐकतो. ज्याला ऐकायचंच नाही, त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. "बरं, मी नोंद करून ठेवतो" म्हणा आणि मागे फिरा.

पायरी ३: लगेच लिहून ठेवा

तारीख, वेळ, तो कुठे उभा होता, कशाचे फोटो काढले, किती वेळ थांबला, कुठल्या दिशेनं गेला, गाडीचा नंबर, काय बोलला. "संशयास्पद दिसत होता" या वाक्याचा पोलिसांना काडीचा उपयोग नाही. "कुंपणावरून हात घालून मागच्या दाराचे फोटो काढले, विचारल्यावर उत्तर न देता गाडीत बसला" या वाक्याचा आहे.

अशा नोंदींत लोक कृतीऐवजी चेहरा लिहितात, हे जगभर होतं. कपडे, वर्ण, बोलीभाषा, "आपल्याकडचा वाटत नव्हता". त्यातून कष्टकरी माणसांना विनाकारण त्रास होतो आणि खरा टेहळणी करणारा नीटनेटक्या कपड्यांत निसटतो. वर्णन ओळख पटवण्यापुरतं लिहा. शंकेचं कारण म्हणून फक्त कृती लिहा.

पायरी ४: कायद्याची रेघ कुठे आहे ते समजून घ्या

रस्त्यावरून जे उघड दिसतं त्याचा फोटो काढता येतो, ही बहुतेक देशांतली सुरुवातीची स्थिती. घर तुमचं असलं तरी त्याचं दर्शन तुमच्या मालकीचं नसतं. हे अनेकांना कटू वाटतं, पण तक्रार करण्याआधी माहीत असलेलं बरं.

ही रेघ कुठे ओलांडली जाते ते खटल्यांतून कळतं. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका जोडप्यानं २००८ मध्ये गूगलवर दावा लावला, कारण स्ट्रीट व्ह्यूची, म्हणजे नकाशावर रस्त्यांचे फोटो दाखवणाऱ्या सेवेची गाडी त्यांच्या खासगी रस्त्यानं आत येऊन घराचे फोटो काढून गेली होती. खासगीपणाचा भंग झाल्याचा दावा न्यायालयानं फेटाळला, मात्र परवानगीविना आवारात शिरल्याचा मुद्दा टिकला. २०१० मध्ये प्रकरण संपलं तेव्हा भरपाई मिळाली १ डॉलर. म्हणजे फोटोपेक्षा चाक कुठे लागलं ते निर्णायक ठरलं, आणि त्याचंही मोल नाममात्र.

पाऊल आत न टाकताही हद्द ओलांडता येते. कॅलिफोर्नियानं १९९८ मध्ये पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांविरुद्ध कायदा केला. त्यात, आवारात घुसल्याशिवाय जे दिसलंच नसतं ते दूरवरून उपकरणाच्या मदतीनं टिपणंही घुसखोरीसारखंच धरलं गेलं. भारतात खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग कॅमेरा रस्त्यावर असो की समोरच्या गच्चीवर.

आणि लंडनचं प्रकरण तर याच विषयाचं. टेट मॉडर्न या संग्रहालयानं २०१६ मध्ये वरच्या मजल्यावर लोकांसाठी एक सज्जा उघडला. समोरच काचेच्या भिंतींच्या सदनिका होत्या. पाहुणे घरांत डोकावू लागले, फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू लागले, काहींनी दुर्बिणी आणल्या. रहिवासी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की काचेचं घर तुम्हीच निवडलंत, पडदे लावा. अपीलही ते हरले. पण १ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ३ विरुद्ध २ मतांनी रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला: घरावर असा सततचा, मोठ्या प्रमाणावरचा डोळा रोखणं हा उपद्रव आहे. एखाद्यानं एकदा बघणं आणि रोज शेकडो लोकांनी बघणं यांत फरक आहे, हे त्या निकालातून घ्यायचं.

तेव्हा तक्रारीआधी स्वतःला विचारा: तो कुठे उभा होता, काय टिपलं, किती वेळा आला. आवारात शिरला, रात्री खिडकीतून आत कॅमेरा रोखला, मुलांचे फोटो काढतच राहिला, मागे आला, धमकावलं किंवा कुलपाशी खटपट केली, तर वाट बघू नका, आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तोच माणूस वारंवार येत असेल तर नोंदी घेऊन पोलीस ठाण्यात जा. अनेक देशांत वारंवारता हाच पाठलागाच्या किंवा छळाच्या गुन्ह्याचा गाभा असतो. आणि दिवसाउजेडी, रस्त्यावरून, एकदाच? नोंद ठेवा आणि सोडून द्या.

ड्रोन असेल तर वेळ, दिशा आणि उंचीचा अंदाज लिहा आणि ते उडवणाऱ्याला शोधा. तो बहुधा जवळपासच असतो. दगड मारू नका. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीनं ड्रोनही विमानच आहे, ते पाडणं हा गंभीर गुन्हा ठरतो, आणि इतरत्रही नुकसानभरपाई तुमच्याच माथी येऊ शकते.

पायरी ५: वस्तीच्या ग्रुपवर काय टाकायचं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. कुणीतरी त्या माणसाचा फोटो टाकतं, खाली "सावधान, रेकी करतोय" लिहितं, आणि तासाभरात तो फोटो दहा ग्रुपांवर फिरतो. तो माणूस मीटर वाचणारा निघाला तर? आपल्या घराचा फोटो परवानगीशिवाय काढला म्हणून चिडलेले आपण, त्याच्या चेहऱ्याचा फोटो परवानगीशिवाय, वर आरोपासकट, वाटत असतो. अफवांवरून जमावानं निरपराध माणसांना मारल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

मजकूर असा ठेवा: "आज दुपारी सव्वातीनच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या गल्लीतल्या घरांचे फोटो काढत होते. विचारल्यावर विम्याची पाहणी असल्याचं सांगितलं. कुणाकडे अशी पाहणी ठरली होती का? कृपया मेसेज पुढे पाठवू नये." बऱ्याचदा पाच मिनिटांत कुणीतरी "हो, माझ्याकडेच आले होते" म्हणून सांगतं. चेहऱ्याचा फोटो आणि गाडीचा नंबर फक्त पोलिसांसाठी. उत्तर मिळालं की "प्रकरण मिटलं" असा मेसेजही टाका. तो टाकायला लोक हमखास विसरतात आणि भीती उगीच शिल्लक राहते.

पायरी ६: इंटरनेटवर आधीच काय आहे ते शोधा

खरं सांगायचं तर रस्त्यावरच्या माणसापेक्षा हा भाग महत्त्वाचा. स्वतःचा पत्ता शोधयंत्रात टाका आणि चित्रं बघा. नकाशावरचं दृश्य, घर विकतानाच्या किंवा भाड्यानं देतानाच्या जाहिराती, नातेवाइकांनी टाकलेले फोटो.

यात सगळ्यात घातक असतात त्या जुन्या जाहिराती. त्यांत आतल्या खोल्या, खिडक्यांच्या कड्या, मागचं दार, कधीकधी पूर्ण आराखडाच असतो. व्यवहार पूर्ण झाला की दलालाला आणि संकेतस्थळाला लेखी कळवून हे फोटो काढून टाकायला सांगा. घर विकत घेतानाच ही अट घातली तर उत्तम.

गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये घर धूसर करून मिळतं. संगणकावर आपल्या घराचं दृश्य उघडा, कोपऱ्यातली समस्या कळवण्याची कळ दाबा, चौकट घरावर आणा, धूसर करण्याच्या पर्यायांत घर निवडा आणि नेमकं कुठलं घर ते शब्दांत लिहा: "डावीकडून दुसरं, निळ्या फाटकाचं". वेगवेगळ्या वर्षांची दृश्यं असतील तर तीही तपासा. ॲपलच्या नकाशातल्या रस्त्यावरच्या दृश्यासाठीही अशी विनंती करता येते. मात्र गूगलकडे एकदा धूसर केलेलं घर पुन्हा स्पष्ट करून मिळत नाही. उद्या घर विकायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

धूसर करावंच का? जर्मनीत २०१० मध्ये २० शहरांत ही सेवा सुरू होण्याआधी सुमारे २,४४,००० घरांनी धूसर करण्याची मागणी केली. सेवा सुरू झाल्यावर एसेन शहरात अशा काही घरांवर अंडी फेकली गेली. स्पष्ट घरांच्या रांगेत एकच धूसर घर डोळ्यात भरतं, हा त्यातला व्यवहारी मुद्दा. हिंसक जोडीदारापासून किंवा पाठलाग करणाऱ्यापासून लपून राहणाऱ्यांनी नक्की धूसर करावं. नुसतं बरं वाटावं म्हणून करण्यात मला फार अर्थ दिसत नाही. कॅमेरा किती उंचीवर आहे याचाही प्रश्न असतो: जपानमध्ये कुंपणापलीकडचं दिसतं अशा तक्रारी आल्यावर गूगलनं २००९ मध्ये कॅमेरे ४० सेंटिमीटर खाली आणून फोटो पुन्हा काढले. म्हणजे संघटित तक्रारीनं यंत्रणा बदलते.

एखाद्या व्यक्तीनं तुमच्या घराचा फोटो टाकला असेल तर आधी खासगी मेसेज करून विनंती करा. ऐकलं नाही, आणि फोटोसोबत पत्ता देऊन त्रास द्यायचा हेतू दिसत असेल, तर त्या माध्यमाकडे खासगी माहिती उघड केल्याची तक्रार करा. जाहीर आरडाओरडा मात्र शेवटी. २००३ मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी किनाऱ्यावरच्या आपल्या घराचा हवाई फोटो हटवावा म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा लावला. किनाऱ्याची धूप नोंदवणाऱ्या १२,००० हून अधिक फोटोंमधला तो एक होता. दाव्यापूर्वी तो फक्त ६ वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले २ त्यांच्याच वकिलांनी केलेले. बातमी फुटल्यावर महिनाभरात ४ लाखांहून जास्त लोक ते संकेतस्थळ बघून गेले, आणि त्या खटलाही हरल्या.

पायरी ७: दिसतं ते कमी करा

पडदे, वेली, उंच कुंपण हे सगळ्यांना सुचतं. एकतर्फी आरशासारखी फिल्म लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की जिकडे उजेड कमी तिकडूनच आरपार दिसतं. दिवसा आतलं झाकलं जातं, रात्री दिवे लावले की उलट होतं, म्हणून पडदा हवाच. घराचा नंबर मात्र काढू नका. रुग्णवाहिकेला तो लागतो.

किल्ल्या खिडकीजवळ किंवा आरपार दिसणाऱ्या दाराजवळ टांगू नका, आणि "नवं घर!" म्हणून हातात किल्ली धरलेला फोटो टाकू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये सुमारे ६० मीटरवरून काढलेल्या फोटोवरून चालणारी किल्ली बनवून दाखवली होती. घरातून टाकायच्या फोटोंमधून स्थानाची माहितीही काढा. मोठी समाजमाध्यमं ती सहसा स्वतःच काढतात. पण ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये जीपीएसचे आकडे तसेच राहतात.

पायरी ८: तुमचा कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणात बघतोय का?

दारावरची कॅमेऱ्याची घंटा आता सर्रास दिसते. युरोपियन युनियनच्या न्यायालयानं २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर ती 'घरगुती बाब' राहत नाही, माहिती संरक्षणाचे नियम लागू होतात. त्या गृहस्थाच्या खिडक्या खरोखर फोडल्या गेल्या होत्या, तरीही. ऑक्सफर्डमधल्या न्यायालयानं २०२१ मध्ये दारावरच्या अशाच कॅमेऱ्यांच्या प्रकरणात शेजाऱ्याच्या हद्दीतला आवाज टिपण्यावर बोट ठेवलं. कॅमेऱ्याचा कोन फाटकापर्यंतच ठेवा, शेजाऱ्याची खिडकी झाकणारी काळी चौकट सेटिंगमधून लावा, आवाज बंद करा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जाईल असं ठेवा. आणि शेजाऱ्याला एकदा बोलावून पडद्यावर काय दिसतं ते दाखवा.

अख्खी गल्लीच प्रेक्षणीय झाली तर

काही वेळा प्रश्न एका माणसाचा नसतो. पॅरिसमधल्या र्यू क्रेमिअ या रंगीत घरांच्या गल्लीत फोटोंसाठी इतकी गर्दी होऊ लागली, की २०१९ मध्ये रहिवाशांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गल्ली फाटकानं बंद करायची मागणी केली. जपानमधल्या क्योटो शहराच्या गिओन भागात त्याच वर्षी खासगी बोळांत फोटो काढल्यास १०,००० येन भरावे लागतील असे फलक लागले, आणि २०२४ मध्ये काही बोळ पर्यटकांना बंदच झाले. अमेरिकेत ॲल्बुकर्कमधलं एक घर 'ब्रेकिंग बॅड' या गाजलेल्या मालिकेत दिसलं आणि चाहते त्यातल्या प्रसंगाची नक्कल म्हणून छपरावर पिझ्झा फेकायला लागले. शेवटी मालकांनी २०१७ मध्ये लोखंडी कुंपण घातलं.

अशा ठिकाणी एकेकट्यानं पर्यटकांशी भांडून माणूस फक्त थकतो. फलक लावा, पण "फोटो काढू नका" असा सरसकट नको, तो कुणी वाचत नाही. "इथे माणसं राहतात. पायऱ्यांवर बसू नका. खिडकीकडे कॅमेरा नको." असा नेमका लिहा आणि डोळ्यांच्या उंचीवर लावा. गल्लीला 'बघण्याजोगं ठिकाण' म्हणून दाखवणाऱ्या संकेतस्थळांना सर्वांच्या सहीनं पत्र पाठवा, नकाशावर कुणी तशी खूण टाकली असेल तर ती हटवायची विनंती करा. रस्ता खासगी आहे की सार्वजनिक, हे कागदपत्रांतून आधी तपासा, कारण फाटक लावता येईल की नाही ते त्यावरच ठरतं. सार्वजनिक निघाला तर स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करावा लागेल. तो एका घराच्या नावानं न देता सगळ्यांच्या नावानं द्या, आणि सोबत महिनाभराच्या नोंदी जोडा: कुठल्या वारी, किती वाजता, साधारण किती माणसं आणि त्यांनी नेमकं काय केलं.